घरी ठेवलेलं सिम

सिमकार्ड मी स्वतःच्या हातानं काढून दादाच्या तळहातावर ठेवलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची माझी आगपाखड वाचून कुणाला वाटेल याच्या घरी चोरी झाली. चोरीबिरी काही नाही. पिन टोचून फोनमधला तो छोटा ट्रे बाहेर काढला, नखाएवढं कार्ड उचललं आणि म्हणालो, "दादा, आता याची फिकीर तुझी." वर त्याच्या पायाही पडलो. परदेशी निघालो होतो, मोठ्या भावाच्या पाया पडल्याशिवाय कसा निघणार?

आम्ही काशीच्या रामघाटावरचे. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी, आणि यजमान सगळे सातारा-कऱ्हाडकडचे. काशीला येणारा यजमान आधी फोन करतो आणि तो कोणत्याही वेळी करतो. गाडीतून उतरल्या उतरल्या स्टेशनवरून करतो, दशाश्वमेधच्या गर्दीत बायको चुकली की करतो, घरात कुणी गेलं की रडत रडत करतो. तिकडच्या कितीतरी घरांत देवघराच्या दाराआड नाहीतर कॅलेंडरच्या पाठीमागे माझा नंबर लिहिलेला आहे. बऱ्याच जणांना माझं नावसुद्धा ठाऊक नसेल. 'काशीचे गुरुजी' म्हणतात आणि नंबर लावतात. तो लागला नाही तर काशीचे गुरुजी गेले असंच समजतील.

त्यात एक बाई होत्या. शाळेतल्या निवृत्त बाई, म्हणून मीही त्यांना बाईच म्हणायचो. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही, म्हणजे नाही असं लोक म्हणायचे. नवऱ्याच्या तिथीला त्या दरवर्षी फोन करायच्या. मी घाटावर बसून तर्पण करायचो, फोन स्पीकरवर ठेवून, आणि त्या तिकडे हात जोडून ऐकायच्या. सगळं आटोपलं की दरवर्षी एकच विषय निघायचा. त्यांना एक मुलगी झाली होती. नवव्या दिवशी गेली, बाराव्याला बारसं व्हायचं ते राहूनच गेलं. "गुरुजी, मी मनात नाव ठरवलं होतं हो. तेवढं तिचं नाव घ्या ना पाण्यावर." मी सांगायचो, बाई, इतक्या लहान जिवाचं तर्पण नसतं, तसं शास्त्रात नाही. पहिली दोन-तीन वर्षं नीट सांगितलं. मग मात्र मी चिडायला लागलो. सकाळची कामं खोळंबलेली, पुढचे यजमान पायरीवर उभे, आणि या तेच तेच घेऊन बसलेल्या. एकदा तर म्हणालो, "बाई, तुम्ही मास्तरीण, तुम्हाला एक गोष्ट किती वेळा शिकवायची?" त्यांनी फोन ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलंच.

त्यांनी माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं. "माझी वेळ आली की मी फोन करीन. तो तुम्हीच उचलायचा. दुसऱ्या कुणी नाही." मी म्हणालो होतो, उचलीन. त्यात काय एवढं, नाहीतरी फोन मीच उचलतो.

आता दादाचं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बाबांनी दोघांनाही पाठ दिला, दादाचा तर माझ्याहून चोख होता, पण तो रेल्वेच्या कचेरीत चिकटला आणि भिक्षुकीला त्यानं कायमचा रामराम ठोकला. नोकरीत असताना ऐकवायचा, "तुझं बरं आहे, हात पसरले की झालं." निवृत्त झाल्यावर दिवसभर घाटाच्या पायऱ्यांवर पेपर वाचत बसतो. आमचा दोघांचा आवाज मात्र अगदी सारखा आहे. लहानपणी आईसुद्धा दाराआडून ओळखायची नाही.

एका यजमानांचा मुलगा हॉलंडला असतो. त्याच्या मुलाची मुंज तिकडेच करायची ठरली आणि गुरुजी काशीचेच हवेत असा त्याच्या आईनं हट्ट धरला. तीन आठवड्यांचा मामला. मुंज, मग तिथल्याच दोन मराठी घरांत वास्तुशांत, मग सत्यनारायण. तिकीट आलं, व्हिसा आला आणि शेवटी त्यांच्या सुनेकडून मोबाईलवर एक चौकोनी कोड आला. ईसिम. कार्डबिर्ड काही नाही, कोड वाचला की तिकडचं इंटरनेट फोनमध्ये येऊन बसतं. माझा फोन त्यांनीच आदल्या वर्षी भेट दिलेला, त्यामुळे त्यात ते चालत होतं.

रोमिंग या शब्दाचा आमच्या गल्लीत मोठा धसका आहे. कोपऱ्यावरचे साडीवाले दुबईला जाऊन आले आणि घरी आल्यावर फोनचं बिल बघून मटकन खाली बसले. तेव्हापासून कुणी विमानात बसणार कळलं की ते आपणहून घरी येऊन सांगतात, रोमिंगपासून सांभाळा. सुनेनं मात्र शांतपणे बोलून मेसेज पाठवला होता. तो मला अजून जवळजवळ पाठ आहे. "काका, तुमचं जुनं सिम फोनमधून काढू नका. फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद करा आणि इंटरनेट ईसिमवर ठेवा. जुन्या नंबरवर कॉल आला तर उचलू नका, उचललात तर पैसे लागतील. बँकेचे मेसेज तसेच येतील आणि तुमचं मेसेजचं ॲप जुन्याच नंबरावर चालू राहील."

इतकं सोपं होतं. पण दादा तो मेसेज माझ्या शेजारी बसून ऐकत होता. म्हणाला, "कॉल उचलू नका म्हणते. यजमानाचा फोन वाजत राहणार आणि तू त्याच्याकडे बघत बसणार? जमेल तुला?"

नव्हतंच जमणार. इतक्या वर्षांची सवय, वाजला की हात जातो. दादा म्हणाला, "त्यापेक्षा सिमच काढून ठेव. तुझ्या जुन्या फोनात घालू. यजमानांचे फोन मी घेतो. रोमिंगची झंझटच नको."

खरं सांगतो, मला भरून आलं. ज्या माणसानं जन्मभर माझ्या कामाला नाक मुरडलं तो म्हणतोय फोन मी घेतो. मी त्याला नीट समजावलं, सांगायचं की गुरुजी परदेशी आहेत, महिनाअखेरीला येतील, निरोप असेल तर द्या. तो म्हणाला, "तेवढं कळतं मला."

बाईंना निघण्याआधी एक फोन करावा असं मनात आलं होतं. पण फोन केला की पुन्हा त्या मुलीचा विषय. म्हटलं, आल्यावर बघू. हे माझं चुकलं, आणि याचा दोष मी दादावर टाकत नाही.

हॉलंडला सगळं झकास चाललं. विमानातून उतरलो, ईसिम सुरू केलं, एक पैसा रोमिंग नाही. रोज बायकोशी व्हिडिओवर बोलायचो. मुंज थाटात झाली. तिथले कालवे बघून मी सुनेला म्हणालो, एवढं पाणी आणि एक माणूस सूर्याला अर्घ्य देत नाही. ती हसली.

नवव्या की दहाव्या दिवशी सकाळी फोनवर सूचना आली की तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवला गेलाय, आणि मेसेजचं ॲप बंदच पडलं. मी सुनेच्या फोनवरून दादाला लावला, त्याच्या स्वतःच्या नंबरावर. तो म्हणाला, "तुझ्या त्या ईसिमचा झोल आहे. नंबर इथं, फोन तिथं, गडबड होणारच. आलास की ठीक होईल."

मी सुनेला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "काका, असं होत नाही. तुमच्या सिमवर एक कोड आला असणार आणि तो कुणीतरी दुसऱ्या फोनमध्ये टाकला असणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्याच घरी जेवत होतो, तरी तिलाच सुनावलं. "आमच्या घरी तसली माणसं नाहीत. ते माझे मोठे भाऊ आहेत." ती बिचारी 'सॉरी काका' म्हणून आत गेली. ज्या पोरीनं पहिल्यापासून सगळं खरं सांगितलं तिला मी खोटं पाडलं. पुढं तिची माफी मागितली, पण ती फोनवर. तोंडावर मागायला हवी होती.

परत आलो, सिम फोनमध्ये घातलं, ॲप पुन्हा सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी घाटावर कऱ्हाडकडचं एक जोडपं भेटलं. "गुरुजी, तुम्ही सांगितलंत तसं आधी मणिकर्णिकेला जाऊन आलो." मी म्हणालो, मी कधी सांगितलं? "परवा फोनवर नाही का? अर्धा तास बोललात." मी हसून वेळ मारून नेली.

घरी येऊन बायकोला विचारलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "भाऊजी बोलायचे की. कुणी 'गुरुजी का?' विचारलं की म्हणायचे, 'हो, मीच.' मला वाटलं तुम्हीच तसं सांगून गेलात."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुमचा आवाज इतका सारखा आहे, अहो, मला तर बरं वाटायचं. घरात तुम्हीच बोलताय असं वाटायचं."

मी तडक दादाच्या खोलीत गेलो. तो पलंगावर बसून नखं कापत होता. मी म्हणालो, "दादा, माझ्या नावानं बोललास तू?"

त्यानं मान वर केली नाही. "लोक 'गुरुजी का' विचारतात. मी काय सांगायचं, की मी गुरुजी नाही, मी रिटायर्ड क्लार्क आहे?"

"हो. अगदी तेच सांगायचं होतं."

"बाबांनी मलाही शिकवलंय." आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कोणाचं काही बिघडलं का? कुणाला चुकीचं सांगितलं का? एकाही यजमानानं तक्रार केली का?"

"आणि ते ॲप?"

"लोक फोटो पाठवतात, पत्रिका पाठवतात, ते बघायला नको? तुझ्याच कामासाठी केलं."

"मला ईसिमचा झोल आहे म्हणून सांगितलंस."

त्यानं कापलेली नखं मुठीत गोळा केली. मग, जणू हेही त्या ओघातच सांगून टाकावं, तसं म्हणाला, "तुझ्या त्या सातारच्या बाई गेल्या. दवाखान्यातून फोन आला होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्या भाच्यानं कळवलं."

"मला द्यायचा होता ना तो फोन. सुनेचा नंबर होता तुझ्याकडे. ॲप बंद पडल्यावरही सुनेच्या फोनवरून मी रोज बायकोशी बोलत होतो."

"धाप लागली होती त्यांना. गुरुजींशी बोलायचंय म्हणाल्या."

"मग?"

"मग बोलल्या."

काय बोलल्या ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं कदाचित, पण त्या वेळी मला त्याचं तोंडही बघवत नव्हतं. परक्यानं केलं असतं तर मी पोलिसात गेलो असतो. सख्ख्या भावानं केसानं गळा कापला तर जायचं कुठं? माझ्याकडे आयुष्यभरात एक गोष्ट होती जी फक्त माझी होती, की फोन वाजला की मी उचलतो. एका म्हाताऱ्या बाईला दिलेलं एकच वचन होतं, आणि ते कसलं, तर फोन उचलण्याचं. तेवढंही यानं माझ्याकडे ठेवलं नाही. मी त्याला नको नको ते बोललो. हात पसरण्याचं त्याचं जुनं वाक्यही त्याला परत केलं. आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. एका घरात, एका चौकात, समोरासमोर ताटं मांडून आम्ही दोघं मुकाट जेवत होतो. बायकोनं मध्यस्थी करून पाहिली, तिलाही गप्प बसवलं.

पंधरा दिवस झाले असतील. सकाळी फोन वाजला. "गुरुजी का? मी बाईंचा भाचा. तुम्ही सांगितलंत ना, महिनाअखेर उलटल्यावर या, म्हणून आत्ता आलो. आत्याच्या अस्थी घेऊन आलोय, स्टेशनवर आहे."

मी सांगितलं नव्हतं. दादानं सांगितलं होतं, आणि तेही हिशेबानं, मी परत आलेला असेन अशा बेतानं. ते लक्षात आलं तरी माझा राग उतरला नाही. उलट वाढला. चोरून घेतलेल्यातलं थोडं परत ठेवलं म्हणून काय उपकार?

भाचा चाळिशीतला, साधा माणूस. लाल फडक्यात बांधलेला तांब्याचा कलश त्यानं प्रवासभर मांडीवरून खाली ठेवला नव्हता. रामघाटावर पाण्यालगत बसवलं, दर्भ दिला, हातावर पाणी घातलं. मी सुरुवात करणार तेवढ्यात तो म्हणाला, "गुरुजी, एक राहिलं. आत्यानं शेवटी तेवढंच सांगितलं होतं. पोरीचं नाव गुरुजींना सांगितलंय, ते घेणार आहेत, त्यांना आठवण कर."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

"तुम्हाला माहीत आहे ना ते नाव?" मी विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

"नाही हो. मी फोन लावला, 'गुरुजी का' विचारलं, तुम्ही 'हो, मीच' म्हणालात, मग मी तो तिच्या कानाला लावला. तर तिनं मला बाहेर जायला सांगितलं. घरात ते नाव कुणालाच ठाऊक नाही. म्हणाली, गुरुजींना सांगितलंय, पुरे झालं."

तो माझ्याकडे बघत होता. इतकी वर्षं मी 'शास्त्रात नाही' म्हणत आलो होतो, आणि आता नाही म्हणायची सोय राहिली नव्हती, कारण मी आधीच हो म्हटलेलं होतं. माझ्याच आवाजात, माझ्याच नंबरावर. आणि जगात ते नाव आता एकाच माणसाला माहीत होतं.

"बसा, आलोच. एक वस्तू वर राहिली," म्हणालो आणि उठलो.

रामघाटाच्या पायऱ्या उंच आहेत. वर दादा त्याच्या नेहमीच्या जागी पेपर उघडून बसला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी त्यानं पान उलटलं. पंधरा दिवसांत त्याच्याशी एक अक्षर बोललो नव्हतो, आणि बोलणार नाही असं बायकोपाशी शपथेवर सांगितलं होतं.

"नाव काय सांगितलं त्यांनी?"

कुणाचं, ते त्यानं विचारलं नाही. पेपराची घडी केली आणि नाव सांगितलं. मग म्हणाला, "मला म्हणाल्या, 'तुम्ही फार घाई करता हो गुरुजी. हे नाव हळू घ्या.'"

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, चुकलं माझं. हळू घेईन."

मला त्या क्षणी त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. माझ्या वतीनं माफीही मागून मोकळा झाला होता. मी न बोलता वळलो आणि पायऱ्या उतरलो. उतरताना ते नाव मनात घोकत होतो, विसरलो तर पुन्हा वर जावं लागेल म्हणून.

सगळे विधी केले. बाईंचं नाव घेतलं, गोत्र घेतलं, आणि मग त्या मुलीचं नाव घेतलं. हळू घेतलं. अस्थी पाण्यात गेल्या. भाच्यानं वाकून मला नमस्कार केला आणि तो तसाच थोडा वेळ वाकलेला राहिला. उठला तेव्हा डोळे पुसत होता.

"आत्या गेली ती समाधानानं गेली, गुरुजी. म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा गुरुजी रागावले नाहीत." मग उगाच विचारावं तसं त्यानं विचारलं, "फोनवर आवाज थोडा वेगळा वाटला होता तुमचा. तुम्हीच होता ना?"

वरच्या पायरीवर दादाचा पेपर बंद होता.

"हो," मी म्हणालो. "मीच."

त्याच्या हातातला रिकामा कलश घेतला आणि तो विसळायला पाण्याशी वाकलो.